एप्रिलचा अंक तुमच्याकडे आहे

प्रिय भाऊजी,

वहिनीचे भरभरून आशीर्वाद. तुमची तब्येत ठणठणीत असेल, धाकट्या जाऊबाईंचे गुडघे जिना चढू देत असतील आणि मुलं न सांगता फोन करत असतील, असं मी धरून चालते. (करत नसतील तर मला कळवा. मी रागावते. आईचं रागावणं मुलांना पाठ असतं, काकूचं नवं असतं, त्यामुळे जरा लागू पडतं.) जाऊबाईंना म्हणावं, तुम्ही पाठवलेला लोकरीचा स्कार्फ मी घरातसुद्धा घालते आणि कुणी आलं की मुद्दाम खोकते, म्हणजे विषय निघतो.

इकडे मी बरी आहे आणि तुमचे दादा निम्मे बरे आहेत. निम्मे अशासाठी की त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि डावा तसाच आहे. शस्त्रक्रिया छान झाली. मीच बाहेरच्या बाकावर बसून इतकी घाबरले होते की शेजारच्या बाईंनी मलाच पेशंट समजून हात धरून आत न्यायला घेतलं. आत तुमचे दादा टेबलावर आडवे पडून डॉक्टरीणबाईंना सांगत होते म्हणे, "बाई, तुमच्या पांढऱ्या कोटाचा खांदा उतरलाय. काम झालं की काढून द्या, बसवून देतो." त्या मुलीने (मुलगीच म्हणायची, आपल्या धाकटीच्या वयाची आहे) हसू दाबत शस्त्रक्रिया केली. डोळ्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला हसवू नये एवढी अक्कल तुमच्या दादांना या वयात नाही. पण डोळा उघडला आणि यांनी पहिली गोष्ट पाहिली ती म्हणजे मी, आणि म्हणाले, "तू हा रंग कधीपासून घालायला लागलीस?" तो रंग मी गेली कित्येक वर्षं घालते आहे, भाऊजी. यांना तो दुसराच वाटत होता.

आता डाव्या डोळ्याचं. डॉक्टरीणबाई म्हणतात, लांबवू नका, तो पिकत चालला आहे, पुढे काम अवघड होईल. हे म्हणतात, नको. एकच शब्द, "नको." मी कारण विचारलं तर म्हणाले, "दुकान बंद केलं, कात्री म्यानात गेली. आता दोन दोन डोळ्यांनी बघायचंय काय, तुला? तुझ्यासाठी एक पुरतो." (हे मी सोडून दिलं. संसारात सोडून द्यायच्या गोष्टींचं माझं कपाट वेगळं आहे.) पण मी पाहते ना. मी स्वयंपाकघरात आहे असं वाटलं की हे हळूच सुई काढतात, दोरा काढतात आणि ओवायला बसतात. एका डोळ्याने नेढं दिसतं, पण ते किती लांब आहे तेच कळत नाही. दोरा नेढ्याच्या अलीकडून जातो, पलीकडून जातो, आत काही जात नाही. मग सुई उशीला टोचून ठेवतात आणि शिलाई मशीनकडे पाठ करून बसतात. ज्या माणसाने वीज गेलेली असताना नुसत्या बोटांनी काजं केली, तो मशीनकडे पाठ करून बसलेला मला बघवत नाही. या पत्रात पुढे मी बराच वाह्यातपणा लिहिणार आहे, पण माझा जीव टांगला आहे तो या डाव्या डोळ्याला, हे लक्षात ठेवून वाचा.

तर झालं काय की शस्त्रक्रियेनंतर यांना वाचायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही अशी ताकीद मिळाली. डोळ्यावर हिरवी झापड, हातात काही नाही. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागले. तुम्हाला ठाऊक आहे, माझं शिक्षण सिस्टरांच्या शाळेत झालं. वाचनाच्या सिस्टर आम्हाला रांगेत उभं करून शिकवायच्या: पाठ ताठ, खांदे मागे, स्वल्पविरामाला अर्धा श्वास, पूर्णविरामाला पूर्ण, आणि आवाज शेवटच्या बाकावरच्या सुस्त मुलीपर्यंत पोचला पाहिजे. मी आजही तशीच वाचते. त्यामुळे महापालिकेच्या गटाराची बातमीसुद्धा माझ्या तोंडून प्रार्थनेसारखी वाटते, असं तुमचे दादा म्हणतात. एका दुपारी मी बाजारभावापर्यंत आले होते, तेव्हा हे अचानक म्हणाले, "ते राहू दे. कपाटात खालच्या खणात, अस्तराच्या कापडांच्या खाली बघ. मार्चचा अंक असेल."

मी गुडघे टेकून खण उपसला. अस्तरांच्या खाली एक मोठं पुडकं होतं, जुन्या चादरीत बांधलेलं. त्यात राखाडी सुटाचं कापड होतं आणि त्यावर पांढरे मोठे टाके होते. "हे काय?" म्हटलं, तर म्हणाले, "ते असू दे. त्याच्या खाली." आणि त्याच्या खाली, भाऊजी, ते होतं. मासिकाचं नाव मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मुखपृष्ठावर मोटारीला टेकलेला, जबडा पुढे काढलेला, पाइप ओढणारा पुरुष, आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, "फक्त पुरुषांसाठी". मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानाच्या पोटमाळ्यावर या मासिकाचा गठ्ठा पाहिला होता आणि हा काय प्रकार आहे म्हणून विचारलं होतं. तुम्ही दोघं एका सुरात म्हणाला होतात, "शिवणकामासाठी आहे. कॉलरची फॅशन बघावी लागते." मी विश्वास ठेवला. सिस्टरांनी आम्हाला पुष्कळ शिकवलं, पण दोन भाऊ एका सुरात बोलले की संशय घ्यावा, हे शिकवलं नव्हतं.

आता मी ते मासिक पहिल्या पानापासून वाचून दाखवायला बसले, पाठ ताठ ठेवून. आणि मला तुम्हाला सांगायचं आहे की मी इतकी वर्षं उगीचच नाक मुरडलं. त्यात काय नाही! उलट्या दिशेने दाढी करावी की करू नये, यावर दोन तज्ज्ञांचं कडाक्याचं भांडण. वाळवंटात मोटार बंद पडली तर काय करावं (सावलीत बसावं, असं निघालं, यासाठी चार पानं). हॉटेलात एकट्याने जेवताना हातांचं काय करावं. डोक्याच्या आकाराप्रमाणे टोपी. एका निवृत्त मुष्टियोद्ध्याची मुलाखत, जो आता गुलाब लावतो आणि कीड लागली की रडतो. घोरण्यावर उपाय (तुमच्या दादांनी हा वाचूनही केला नाही, हे मी इथे नमूद करते). आणि उतारावर गिअर कसे बदलावेत यावर आकृत्यांसह लेख. आपल्या घरात कधी सायकलपलीकडे वाहन आलं नाही, पण मी तो लेख वाचत असताना हे पलंगावर पडल्या पडल्या डाव्या पायाने क्लच दाबत होते.

मग आलं सल्ल्याचं पान. एका वाचकाने विचारलं होतं, मुलीला आपण आवडलो आहोत की नाही, हे पहिल्याच भेटीत कसं ओळखावं? सल्लागाराचं उत्तर: तिच्याकडे काहीतरी लहानसं मागा आणि मग तिच्या पावलांकडे पाहा. पावलं पटकन उचलली गेली तर आशा आहे, फरफटली तर दुसरं घर बघा. भाऊजी, मी वाचता वाचता थांबले. हे मला बघायला आले होते तेव्हा यांनी पाणी मागितलं होतं आणि मी ते आणेपर्यंत खाली मान घालून बसले होते. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले आहे की आमचे हे इतके लाजाळू, इतके लाजाळू, की माझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही! मी मासिक मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही माझे पाय बघत होता?" हे झापडीखालून म्हणाले, "पळत गेलीस तू. आणि येताना अर्धं सांडलंस." मी पुढचं पान उलटलं. (पण पूर्णविरामाला जरा जास्तच श्वास घेतला गेला.)

नंतर जाहिराती. त्यातली एक तुमच्याच आठवणीची, छाती रुंदावण्याच्या स्प्रिंगांची, "आधी" आणि "नंतर" अशा दोन फोटोंची. तुम्ही ते यंत्र मागवलं होतं आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आत दादांकडून छातीचं माप घ्यायला लावत होता, आठवतं? आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढ होत होती आणि तुम्ही आरशासमोरून हलत नव्हता. आता मी तुम्हाला एक सांगते, आणि हे यांनी मला त्या दुपारी हसता हसता सांगितलं, तेव्हा रागावू नका. ते टेपचं टोक अंगठ्याखाली दाबून धरत होते. दर आठवड्याला जरा जास्त. "धाकटा इतका घाम गाळायचा," म्हणाले, "त्याला आहे तेवढंच कसं सांगायचं?" तुमची छाती, भाऊजी, तुमच्या दादांच्या अंगठ्याने वाढवलेली आहे.

आणि मग मधली पानं. मी तिथवर आले आणि शाळेतल्या सवयीने डोळे मिटले. हे म्हणाले, "थांबलीस का? बघ, अजून कोट आहे का त्यांच्या अंगावर?" मी एक डोळा उघडला. (त्या दिवशी घरात आम्हा दोघांचे मिळून दोनच डोळे चालू होते.) आणि काय सांगू! समुद्रकिनाऱ्यावर हात वर करून उभ्या असलेल्या त्या बाईच्या अंगावर खाकी कागदाचा, अगदी मापात कापलेला, डबल ब्रेस्टचा कोट चिकटवलेला होता. खाली इस्त्रीची घडी काढलेली विजार. पुढच्या पानावर सोफ्यावर आडव्या झालेल्या बाईंना वेस्टकोट, तोही गळ्यापर्यंत बटणं लावलेला. बटणं खडूने काढलेली, काजं पेन्सिलीने, आणि छातीच्या खिशात रुमालाचं टोकसुद्धा. हे काम कुणाचं ते मला विचारावं लागलं नाही. तो कापणीचा हात मामंजींचाच.

पुढचं तुम्हाला माहीत असणार, पण मला नव्याने कळलं. मामंजींना मासिक सापडलं. ते ओरडले नाहीत, फाडलं नाही. जेवण झाल्यावर पॅटर्नचा कागद घेतला, खळ घेतली आणि त्या सगळ्या बायकांना कपडे करून दिले. बायकांचे कपडे त्यांना कधीच येत नव्हते, आपलं दुकान पुरुषांचं, म्हणून सूट. आणि सकाळी मासिक होतं तिथे ठेवून दिलं, एक अक्षर न बोलता. तुम्ही दोघांनी ते उघडलं आणि दिवसभर एकमेकांकडे बघायची हिंमत झाली नाही तुम्हाला. पण तुमचे दादा पडले शिंपी. म्हणाले, "मी ते काढायला गेलो, तर त्या हात वर केलेल्या बाईच्या काखेत कोट कसा बसवलाय ते दिसलं. मुंढा असा कापला होता की हात वर केला तरी कोट वर चढत नाही. मी तसाच कापायला शिकलो." म्हणजे दुकानाला ज्या कोटांनी नाव मिळवून दिलं, त्यातला हात मोकळा ठेवणारा मुंढा या मासिकातून आला. तेव्हा ते शिवणकामासाठी होतं, हे शेवटी खरंच निघालं. मी तुमची दोघांची क्षमा मागते. अर्धी.

आता या सगळ्यातून माझी जी फजिती झाली ती ऐका. डोळा तपासायला जायची पाळी आली, तेव्हा हे म्हणाले, तिथे बसून कंटाळा येतो, मासिक घे. मी वर्तमानपत्राचं वेष्टण घालून, दोऱ्याने बांधून, शाळेच्या वहीसारखं नेलं. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून बाकं, बाकांवर एका रांगेत हिरव्या झापडीचे म्हातारे, सगळे समोरच्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून. आम्ही कोपरा पकडला. तुमच्या दादांना आता कानानेही जरा कमी ऐकू येतं (हे त्यांना मान्य नाही, त्यांच्या मते लोकच हळू बोलायला लागले आहेत), तेव्हा मला सिस्टरांचा आवाज काढावा लागला. विनोदाचं पान होतं. त्यातल्या एका विनोदात एक ओळ अशी होती की ती माझ्या तोंडून गेली नसती. मी तिच्यावरून अलगद उडी मारून पुढे गेले. आणि हे मोठ्याने म्हणाले, "एक ओळ गाळलीस."

मी म्हटलं, "काही गाळलं नाही."

"नवरा परत येतो आणि कपाट उघडतो, ती."

आणि मग बाकाच्या दुसऱ्या टोकावरून एक झापड बोलली, "ताई, गाळू नका हो. आम्हाला पण ऐकू येतंय." शेजारच्याने री ओढली, "आता कपाटात कोण आहे ते कळल्याशिवाय माझा नंबर लागला तरी मी आत जायचा नाही." नंबर पुकारणारी नर्स दारात येऊन उभी राहिली होती, ती काही म्हणेल असं वाटलं, तर ती दाराला टेकून कमरेवर हात ठेवून ऐकायला लागली. मी ती ओळ वाचली, भाऊजी. पाठ ताठ, खांदे मागे. कपाटात विमा एजंट होता. सगळी रांग गदागदा हसली, डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आजोबा, हसू नका, टाके आहेत, आणि कशावर हसताय? कुणी सांगेना. एवढी पुरुषांची एकी मी यापूर्वी एकदाच पाहिली आहे, आणि ती तुमची दोघांची, पोटमाळ्यावरच्या त्या गठ्ठ्यासमोर.

त्यानंतर त्यांनी गोष्ट वाचायला लावली. तुम्हाला आठवत असेलच. क्रमशः कथा, भाग पहिला. पियानोचे सूर जुळवणारा एक माणूस हिवाळ्यात बंद असलेल्या डोंगरावरच्या हॉटेलात येतो. हॉटेलात कुणी नाही, पण जेवणघरात दोघांसाठी टेबल मांडलेलं आहे, दिवा लावलेला आहे. तो आपला भिजलेला राखाडी कोट खुंटीला टांगतो, हात शेकतो, आणि मागे वळतो तर शेजारच्या खुंटीवर हुबेहूब तसाच दुसरा कोट. तोही भिजलेला. तो बटणांचे टाके बघतो आणि ओळखतो की दोन्ही कोट एकाच हाताने शिवलेले आहेत. आणि जिन्यावर पावलं वाजतात. क्रमशः.

दवाखान्यात कल्लोळ झाला. मी सांगितलं की पुढचा अंक माझ्याकडे नाही. एक निवृत्त शाळामास्तर तर माझ्यावरच चिडले, "मग सुरू कशाला केलीत?" आता त्यांच्या सगळ्यांच्या पुढच्या तपासण्या आमच्याच दिवशी आहेत आणि मी त्यांना तोंड कसं दाखवू कळत नाही. (त्यांना तसं नीट दिसणार नाही म्हणा.)

पण घरी येताना तुमच्या दादांनी रिक्षात जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. एक महिना मासिक त्यांचं, एक महिना तुमचं. ज्याचा महिना त्याने आधी वाचायचं, मग दुसऱ्याला द्यायचं, आणि दोघांचं वाचून झाल्याशिवाय गोष्टीविषयी एक शब्द काढायचा नाही. मार्च यांचा. एप्रिल तुमचा. आणि एप्रिलच्या त्या आठवड्यात तुम्ही सांगितलंत की मी तयार कपड्यांच्या कारखान्यात कापणी मास्तर म्हणून चाललो. त्यावर गिऱ्हाईकांसमोर यांनी म्हटलं, "जा. तिथे माणसं नसतात, मापं असतात, लहान, मध्यम, मोठं. तूही मध्यम होशील." आणि तुम्ही म्हटलंत, "आणि तुझ्या दुकानात माणूस थंडीने मरतो, पण कोट मिळत नाही." दोघंही थोडं खरं बोललात, म्हणूनच लागलं असेल. सकाळी तुम्ही पेटी घेऊन निघालात आणि पेटीत एप्रिलचा अंक गेला. तेव्हापासून तुम्ही मला लिहिता, मी तुम्हाला लिहिते, आणि हे माझ्या खांद्यावरून न बघितल्यासारखं करून विचारतात, "कापडाचा बाजार कसा आहे म्हणतो?" तुमच्या पत्रात बाजाराचं काही नसतं. तरी मी दर वेळी काहीतरी सांगते. लोकर महागली, वगैरे.

मी एक प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, यांचा विरंगुळा होईल, दुसरा भाग आपणच रचावा. कोरा कागद समोर धरून, एप्रिलचा अंक रद्दीवाल्याकडे सापडला असं सांगून, मी वाचायला लागले. जिन्यावरून एक गूढ स्त्री येते, वादळ होतं, पियानोवाला दरीत पडतो, झाडाला लोंबकळतो. मला तर छान जमलं असं वाटत होतं. हे शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "हे तू रचलंस."

"कशावरून?"

"तो दरीत पडला तेव्हा त्याच्या अंगात काय होतं ते सांगितलं नाहीस. कोट खुंटीवर आहेत, दोन्ही. बाहेर एवढी थंडी आणि हा नुसत्या शर्टावर? तो लेखक असा माणूस नव्हे." आणि भिंतीकडे तोंड करून, "त्याला माहीत असेल, दुसरा कोट कुणाचा ते."

हा "त्याला" म्हणजे तुम्ही. इतक्या वर्षांत यांनी तुमचा उल्लेख बाजारभावाशिवाय केलेला मी ऐकला तो पहिल्यांदा. म्हणून लिहिते आहे. तुमच्याकडे जुन्या वस्तू टाकायची पद्धत नाही, हे मला जाऊबाईंच्या तक्रारींवरून माहीत आहे. तेवढा एप्रिलचा अंक शोधून टपालाने पाठवा. बाकी माझं काही मागणं नाही.

जाऊबाईंना प्रेमाचा निरोप, मुलांना आशीर्वाद, आणि तुम्हाला दोन्ही थोडं थोडं.

तुमची,
वहिनी

ता. क. टपालाने पाठवू नका. वर लिहिलं ते रीत म्हणून लिहिलं. टपालात जाड पाकिटं हरवतात (हरवत नाहीत, पण असं समजा). स्वतः घेऊन या. आल्यावर काही बोलायची गरज नाही, नुसतं वाचून दाखवा. पहिली ओळ वाचलीत की पुढचं ते विचारतीलच.

ता. क. २. खणात आणखी एक अंक होता हे मी वर लिहिलं नाही. मे महिन्याचा. रद्दीवाल्याने ज्या सुतळीने बांधून दिला त्याच सुतळीत, गाठ तशीच. यांचा महिना म्हणून यांनी आणला, पण मधला भाग वाचल्याशिवाय शेवट वाचायचा नाही म्हणून कधी सोडला नाही. मी काल हे झोपले असताना सोडला. (सिस्टर वर असतील तर पाहत असतील, त्यांना मी उत्तर देईन.) गोष्ट संपते ती अशी, की दोघं जण टेबलाशी बसतात आणि जेवायला लागतात. बस्स. ते दोघं कोण, ते काही केल्या मला कळलं नाही. ते सगळं तुमच्या एप्रिलमध्ये आहे. इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात, धन्य आहे तुमची. गाठ मी पुन्हा तशीच मारून ठेवली आहे, तेव्हा यांच्यासमोर बोलू नका.

ता. क. ३. घोटाळा झाला. मी पाकीट आणायला गेले तेवढ्यात यांनी हे पत्र टेबलावरून उचललं आणि आपल्या चालू डोळ्याने सगळं वाचलं, गाठीसकट. रागावतील असं वाटलं होतं. खणातून ते राखाडी पुडकं काढायला लावलं. त्यातला तो कोट तुमचा आहे, भाऊजी. कारखान्यात पहिल्या दिवशी घालून जाल म्हणून, भांडणाच्या आदल्या आठवड्यात (तुम्ही सांगायच्या आधीच यांना कुणकुण लागली होती) यांनी तो कापला होता आणि कच्च्या टाक्यांवर धरला होता. तेवढ्यात तुम्ही गेलात. हे सांगतात, तसं लिहिते: "ट्रायल राहिली आहे त्याची. ट्रायलशिवाय मी कोट पुरा करत नाही, त्याला सांग. बाजूच्या शिवणींत भरपूर कापड सोडलंय, पोट सुटलं असलं तरी पुरेल. येणार असेल तर लिही, म्हणजे डाव्या डोळ्याची तारीख घेतो. टाचण्या लावायला दोन्ही लागतात." आणि मग, मी पाकीट बंद करत असताना: "आणि म्हणावं, या वेळी टेपवर अंगठा ठेवणार नाही."